खालचा सूर

लतिका वृंदगानात खालचा सूर धरायची. एवढ्या आवाजांत आपला कुणाला ऐकूच येत नाही, तेव्हा आज गाणं सोडायचंच, असं ठरवून ती कोराडीहून नागपूरच्या बसमध्ये बसली होती. पुढच्या बाकावर वीजकेंद्रातले दोन कामगार बोलत होते.

"काल गाणं ऐकाले गेलतो गा, धोंडबा. सोळा जण, ना पेटी ना तबला."

"मंग सूर कशावर धरला?"

"डाव्या कोपऱ्यात एक बाई होती. बाकीचे वर जात, ती खालीच ठाम. तिनं दम घेतला का सारं गाणं पोकळ वाटे."

"मले काहून नाही नेलं?"

"पुढच्या बारीले जाऊ."

"कधी हाय?"

लतिका पुढं वाकली.

"येत्या रविवारी, दादा. सकाळी नऊला. दोघंही या."