पीला कोण भरणार?

...नाही, पण मी म्हणतो, आमच्या ग्वातेमालात शब्दांचा एवढा दुष्काळ पडलाय का हो? रेडिओत घालायचा सेल, ती पीला. चर्चमध्ये पोराच्या डोक्यावर पाणी सोडतात ते दगडी भांडं, तीही पीला. म्हणून तिथं ठेवलेलं ते 'पीलाचं नाव', आणि नगरपालिकेत जन्माच्या नोंदी करत उभा जन्म मी तेच खरडत बसलो! माणूस पेंगताना दिसला की ओरडायचं, 'पीलास!' म्हणजे जागा हो, बाबा. आणि अंगणातली ती सिमेंटची टाकी, दोन अंगांना कपडे-भांडी घासायचे कट्टे... शब्द एकच, पीला! तुम्हाला सांगतो, सगळ्या पीला मला पाठ, अंगणातली सोडून. ती एर्मेलिंदाची. माझ्या बायकोची.

एर्मेलिंदा गेली. नऊ दिवसांची जपमाळ झाली, तोवर शेजारणींनी सगळं सांभाळलं, मग मक्याचे तामाल खाऊन माणसं पांगली, आणि दुसऱ्या सकाळी बघतो तर पीला कोरडी ठाक! अहो, लग्नापासून ती रिकामी पाहिलीच नव्हती मी. मला वाटायचं, पाणी तिथं असतंच... आभाळ वर असतं तसं.

मुलगा सेल्विन म्हणाला, "पप्पा, शनिवारी गवंडी आणतो. फोडून टाकू, वॉशिंग मशीन घेऊ."

"आईची आहे ती!"

"मग भरणार कोण?"

"मी!"

सून मिर्ना तोंडावर हात ठेवून हसली. "तुम्ही? नळाला पाणी कधी येतं, ठाऊक तरी आहे?"

कुठलं ठाऊक असायला! गेलो शेजारणीच्या भिंतीपाशी विचारायला. पलीकडून डोन्या तान्चो कडाडली, "अगोबाई, डॉन माक्लोव्हियो! या घरात राहता की पाहुणे आलात? पहाटे येतं, उजाडायच्या आत जातं!" खो खो हसली... आणि हसता हसता ॲप्रन डोळ्यांना लावला.

म्हणजे ही बाई रोज अंधारात उठत होती, आणि शेजारी मी घोरत होतो! आणि 'पीलास!' म्हणून दुसऱ्यांना जागं करत हिंडत होतो मी! शब्द एकच, पीला... पण ऐकायला हवा होता तो मीच!

मग उठू लागलो. शनिवारी सेल्विन गवंड्याला घेऊन दारात आला, तर पीला काठोकाठ! मी ऐटीत कॉफीचा कप घासला आणि... फेसासकट थेट टाकीत बुडवला! अहो, आमच्याकडे टाकीत बोटसुद्धा बुडवत नाहीत. वाटीनं पाणी घ्यायचं, कट्ट्यावर ओतायचं, शेंबडं पोरही जाणतं. मी तसाच उभा राहिलो. आता एर्मेलिंदा ओरडेल म्हणून उभा राहिलो... कोणी ओरडलं नाही. शेवटी मीच ओरडलो, तिच्याच सुरात, "अहो, साबण! सगळ्या टाकीचं वाटोळं केलंत! डोळे आहेत की बटणं?"

सेल्विननं मान फिरवली. मग गवंड्याला म्हणाला, "घण गाडीत ठेव."

गवंडी बिचारा गोंधळला. "पण हे ओरडले कुणावर?"

मी टाकीचं बूच काढलं, साबण लागलेलं सगळं पाणी जाऊ दिलं आणि म्हटलं, "घरात एक जण नवीन आहे, बाबा. वय झालंय... शिकायला वेळ लागेल."