पाच घंट्याची वाट

— लांब? लांब कुठं हाये व माय, पौर्णिमा. हात ढिल्ला सोड, ताठ धरला का चुडी फुटते. हां, असा. माही पोरगी तुबा जेद्दाले हाये ना, म्हून तं सांगून राहिली. इथून, अकोल्यावरून मुंबईले जायाले अख्खी रात रेल्वेत जाते. अन् मुंबईवरून विमानानं जेद्दा — पाच घंटे. साडेपाच म्हण. तुह्या नवऱ्याचं मस्कत तं त्याच्याहूनबी जवळ. तुह्या आईले, आशाबाईले सांग, उगाच रडू नको म्हणा, अनीसा म्हणे जीव रेल्वेतच जाते, विमानात काई नाही.

पयले मले तं तीनच घंटे वाटले. काहून? तं तुबा रात्री आठले बसली अन् जावयाचा फोन आला, अकराले उतरली. मी साऱ्या मोहल्ल्यात सांगत फिरली. मंग जावई म्हणे, अम्मी, इथलं घड्याळ मागं हाये. म्हंजे येतानी तेच विमान आठले निंघालं तं इथं पहाटचे साडेतीन वाजतात. जायाले तीन, यायाले साडेसात. घड्याळच असं, तं पोरीचं काय चुकलं? नाही चुकलं. चार वर्सं झाले, आली नाही. पयलं बाळंतपण मायच्या घरी, आमच्यातबी तेच, तुमच्यातबी तेच — पण विमानवाल्यायले डॉक्टरचा कागद पाह्यजे होता, थो भेटेपर्यंत दिवस भरत आले. नातू तिकडंच झाला. फोटोत पाह्यला मी.

— ती पुडी? ती नको. त्या तुबाच्या चुड्या हायेत, ती आली का भरीन. तू ह्या घे, ह्याबी हिरव्याच हायेत. कापसानं दगा देल्ला तवापासून खेड्यातल्या बाया चुड्या भरायले येतच नाही, माल पडून हाये. — तिले पाठवून दे म्हणतं? चुडी अशी पाठवता येत नाही. हात दाबून पाहा लागते, माप बोटाले समजते. फोनवर इचारलं मी, हात केवढा झाला व तुहा, तं हासली.

मले तिची लई याद येते. आज सकाळीच म्हटलं, ईदले ये. तं म्हणे, 'अम्मी, पाच घंटे का तो रास्ता है, कभी भी आ जाऊँगी.' आता पाह — अमेरिका-गिमेरिका असती, तं वर्साआधी तयारी केली असती तिनं. जवळ हाये म्हून राहून जाते. माही बहीण सितारा बार्शीटाकळीले हाये, अर्ध्या घंट्यावर. मी कवा गेली होती तिच्याकडं? आठवतबी नाही. म्हून तुबाले बोल कसा लावू.

थांब. अंगठा आत घे. पुन्ना दाबू दे — हे हाड पाह. तुहा हात तुबाचाच हाये व. चार वर्साआधीचा. लेकरू झाल्यावर भरला असन आता तिचा, ह्या तिले जातबी नसतीन. दे इकडं ती पुडी. नाही, दोरा मी सोडीन. आईले सांगू नको कोणाच्या होत्या म्हून. बस, डोळे मिट, दुखणार नाही.

... काय म्हणतं? झाल्या? हो, झाल्या. दोन्ही हात झाले. केव्हाच्याच झाल्या. मंग हात काढून घ्याचा ना व माय, मी धरूनच बसली. जाय. आई वाट पाहून राहिली तुही.