पॉलिशखालची नखं

डॉक्टर : हे पॉलिश काढावं लागेल, ताई. असं ठेवलं तर सोनोग्राफीत नख नीट दिसणार नाही.

आई : मग सांधे बघा ना. दुखतात तेच.

डॉक्टर : नखापासूनच सुरुवात करायचीय. पॉलिश लावून येऊ नका, असं कोणी सांगितलं नाही?

मुलगी : सांगितलं होतं की. ऐकून घरी आली आणि बसून लाल डबल कोट मारला हिने.

आई : तू गप्प बस गं. पार्लर आहे माझं, डॉक्टर. उघडी नखं घेऊन मी लोकांसमोर येत नाही.

डॉक्टर : इथे कुठे लोक आहेत? आपण तिघीच.

आई : ही आहे ना.

मुलगी : मी लोक?

आई : तू पाहिलेली नाहीस नखं.

मुलगी : कशी पाहणार? कडी लावून पॉलिश बदलतेस. मला वाटायचं, काय ही हौस. पर्समध्ये रिमूव्हर आहे ना? दे. आता हात दे. आई, हात.

(आई उजवा हात पुढे करते.)

आई : नुसती घासू नकोस. कापूस दाबून धर, मग ओढ. माझी मुलगी ना तू? ... काय बघतेस? किळस आली?

मुलगी : नाही. बारीक खड्डे आहेत. आणि हे टोक सुटलंय. असल्या बोटांनी दिवसभर दुसऱ्यांची नखं करतेस?

आई : सोरायसिस म्हटलं की बायका हात मागे घेतात. याची लागण होत नाही, हे किती जणींना पटवू?

डॉक्टर : जेल गार लागेल. हात सैल सोडा. हे बघा, पडद्यावर नख दोन वेगळ्या रेघांसारखं दिसायला हवं. तुमच्या रेघा एकमेकींत मिसळल्यात. हे लाल ठिपके म्हणजे रक्त जास्त धावतंय, सूज आहे.

आई : पुढे पार्लरात चिमटा धरता येईल ना मला? तेवढं सांगा.

डॉक्टर : थांबा जरा.

मुलगी : डॉक्टर, असं मध्येच थांबू नका ना.

डॉक्टर : बोट सरळ करणारी दोरी नखाच्या मुळापाशी हाडाला चिकटते. ती जाड झालीय. सूज तिथवर पोचलीय. हाड मात्र अजून शाबूत दिसतंय.

आई : म्हणजे?

डॉक्टर : म्हणजे औषध लगेच सुरू केलं, तर बोट वाचायची चांगली आशा आहे.

मुलगी : ऐकलंस?

आई : ऐकलं. कापूस उरलाय का?

मुलगी : आहे. का गं?

आई : हा डावा हात राहिलाय.