स्क्रिप्ट म्हणते, सगळं ठीक

कैरोत तामियाच्या, म्हणजे वालाच्या वड्यांच्या, गाडीसमोर रांगेत उभा होतो. माझ्यापुढची मुलगी सोबतच्या पोराला झापत होती.

"वगदी, आपलं डेटाबेस सॉफ्टवेअर तयार करून तपासणाऱ्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये चाचण्यांसाठी तू स्वतःच्या लॅपटॉपमधला फोल्डर दिलायस!"

"मग? माझ्याकडे चालतंय की."

"तुझ्याकडेच! इतरांकडे तो फोल्डर नाही, म्हणून स्क्रिप्ट चाचण्या न करताच 'सगळं ठीक' छापते."

"बाप रे! दुरुस्त केलंस ना, शेरीन?"

"सकाळीच. सर्व्हरवर पहिल्यांदाच खऱ्या चाचण्या झाल्या. तेव्हा कळलं, एकाची नोंद मागितली, तर दुसऱ्याचीच येते."

"पण आपलं फुकटचं सॉफ्टवेअर वापरतंय कोण?"

"तूच नाही का आईच्या डायलिसिसच्या दवाखान्यात बसवून दिलंस?"

"आज वार कुठला गं?"

"मंगळवार. का रे?"

"आई आत्ता तिथेच आहे."