बारा बरण्या आणि तो लांब कानांचा

...नाही, पण मी म्हणतो, एकट्या माणसाला समुद्र ओलांडायला बारा बरण्या लागतात कशाला? आणि त्याही *त्याच्या* मांसाच्या? कुणाच्या म्हणजे काय विचारता! तोच तो... लांब कानांचा, गाजरं खाणारा, टुणटुण उड्या मारणारा! मनातल्या मनात ओळखा, माझ्याकडून वदवून घेऊ नका. आमच्या फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर आजोबा-पणजोबांपासून चालत आलंय. कधीकाळी त्यानं म्हणे जहाजावरचे दोर कुरतडले, जहाज गेलं तळाला, आणि तेव्हापासून समुद्रावर त्याचं नाव काढायचं नाही म्हणजे नाही!

आता हे सासूबाईंना कोण सांगणार? बाई आतल्या गावच्या, शेताभातातल्या. त्यांनी समुद्र पाहिला तो थेट माझ्या लग्नात, आणि तेव्हाही म्हणाल्या, "केवढी ही ओल!"

तर तुम्हाला सांगतो, आमची एनोरा, एकुलती एक लेक, अटलांटिकच्या या टोकाला, इथे ग्वादलूप बेटावर लग्न करतेय म्हणून फोन आला. "बाबा, वीस डिसेंबर. चर्चमध्ये मला हात धरून न्यायला तुम्ही हवेत. माणसासारखे विमानानं या." मी चाळीस वर्षं पाव भाजले हो, त्यातली वीस वर्षं रविवारी रविवारी ती नाव बांधली. म्हटलं, नावेनंच येणार! बायको म्हणाली, "गुल्वेन, लग्न चुकलं तर ती नाव मी सरपणाला फोडीन." आणि आमची सोआझिग बोलते तसं करते.

निघालो. पहिल्या आठवड्यातच... काय सांगू! किटली उलटली, ती विजारीवर. उडता मासा आला, तो थोबाडीत. आपोआप सुकाणू धरणारा दांडा मोडला, तो झाडूची काठी बांधून चालवला. झोप वीस-वीस मिनिटांची, उशाशी माझं पाव भाजायचं घड्याळ. ते वाजलं की मी दचकून उठायचो आणि भट्टी शोधायचो! म्हटलं, एवढी साडेसाती कशानं?

नवव्या दिवशी कोरडे मोजे शोधायला कपाट उघडलं, तर प्रत्येक मोज्यात एक बरणी! फुटू नये म्हणून बाईंनी माझे मोजे वापरले! आणि झाकणावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात... *त्याचं* नाव! बारा वेळा! अहो, उच्चारायचंसुद्धा नाही, आणि मी त्याचा अख्खा साठा घेऊन चाललोय!

अकरा दिल्या टाकून समुद्रात. हात जोडून, माफी मागून. बारावी निसटली आणि गडगडत बाकाखाली कुठे गेली, ती सापडेचना.

झालं! दुसऱ्याच दिवशी काय व्हावं? गॅसची नळी गळली, टाकी रिकामी. तांदूळ कच्चे, डाळ कच्ची, पावाला बुरशी... बेकरीवाल्याच्या पावाला बुरशी, बोला! आणि वर वारा पडला. पाच दिवस! शीड असं लोंबतंय, जणू आमच्या बायकोनं वाळत घातलेली चादर. कच्चा कांदा आणि बिस्किटं खाऊन मी बारीक आवाजात एनोराला उपग्रहाच्या फोनवर म्हटलं, "बाळा, जमेलसं दिसत नाही गं." ती म्हणाली, "मग मी एकटीच चालत जाईन, बाबा. दुसऱ्या कुणाचा हात नको." मी रडलो हो. खोटं कशाला सांगू, नावेत बसून ढसाढसा रडलो.

आणि तेवढ्यात नाव जराशी डुलली, आणि बाकाखालून गडगड गडगड... बारावी बरणी माझ्या पायाशी! मी तिच्याकडे बघतोय, ती माझ्याकडे. म्हटलं, त्याचं नाव काढायचं नाही असं ठरलंय, खायचं नाही असं कुणी म्हटलंय? उघडली. अहाहा! काय चव! बोटानं निपटून खाल्ली, आणि तुम्हाला सांगतो, बरणी चाटतोय तोच मानेला गार झुळूक! शीड फुगलं! मी काही म्हणत नाही हं. फक्त सांगतोय.

लग्नाच्या सकाळी धक्क्याला लागलो. दीड महिना डुलून चर्चमध्ये मी असा झोकांड्या देत चाललो, की फादर म्हणाले, "यांना कुणीतरी कॉफी पाजा." मी लेकीला नेलं की लेकीनं मला, देव जाणे. पण हात माझाच होता!

बाहेर सासूबाई. विमानानं आलेल्या. "काय जावईबापू, माझा तो स..." मी धावत जाऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. पाण्यापासून वीस पावलांवर होतो हो! "किती उरल्या?" म्हणाल्या. मी म्हटलं, "एकही नाही." खरंच होतं ना! बाईंच्या डोळ्यांत पाणी. "बाराच्या बारा खाल्ल्यास?" चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझे गाल धरून मुके घेतले. आता काय सांगायचं, कप्पाळ?

वारा फिरायची वाट बघत वसंतापर्यंत थांबलो. उद्या परत निघायचं. परतीचं विमानाचं तिकीट बाईंनी रद्द केलंय, माझ्याच नावेतून येणार म्हणे. "तुला एवढं आवडतं, वाटेत ताजंच करून घालीन!" ते बघा, धक्क्यावर पिंजरा घेऊन उभ्या आहेत. आत दोन आहेत... जिवंत! कोण ते ओळखा. समुद्रावर त्याचं नाव काढायचं नाही म्हणजे नाही! आणि त्यातल्या गुबगुबीताचं बाईंनी लाडानं नाव काय ठेवलंय? गुल्वेन!

म्हणजे घर येईपर्यंत आता माझंही नाव काढायची सोय राहिली नाही.