काचेतले खांब आणि माझं रक्त

…आणि वर मलाच म्हणते, "मामू, घाबरू नका." अहो, रक्त माझं, सुई माझ्या हातात घुसलेली, मग घाबरायचं कोणी, शेजाऱ्याने? तुम्हाला सांगतो, मी नियाज, पंचवटीत गाद्या भरतो, दवाखान्याच्या वासानेही मला चक्कर येते. पण भाची अदिबा कॉलेजात संशोधन करते, म्हणाली, "माझी चिप तपासायला थोडं रक्त द्या ना मामू." भाचीला नाही म्हणवत नाही हो… दिलं.

चिप म्हणजे नखाएवढा काचेचा तुकडा. आत केसाहून बारीक खांबच खांब, आणि प्रत्येक पुढची रांग जराशी सरकलेली. अदिबा पडद्यावर मोठं करून दाखवते, "बारीक पेशी खांबाला वळसा घालून परत आपल्या वाटेला लागते. मोठीला ते जमत नाही. तिला प्रत्येक खांब जरा बाजूला ढकलतो, असं करत ती पार कडेने बाहेर पडते." म्हटलं, कडेने काय निघतं? तर भाजीचा भाव सांगावा तशी म्हणते, "पांढऱ्या पेशी. कॅन्सरच्या असल्या तर त्याही." आता माणसाने घाबरायचं नाही तर काय करायचं?

रक्त सोडलं. लाल लाल ठिपके सरळ चाललेले, मलाही जरा बरं वाटलं… तेवढ्यात एक भला मोठा गोळा कडेकडे सरकायला लागला. मागून दुसरा. सकाळपासून बडबडणारी अदिबा पडद्याला नाक लावून बघायला लागली.

"अगं, काय आहे ते?"

"थांबा ना मामू."

आणि गेली सरांना बोलवायला. सर आले, चष्मा वर, चष्मा खाली, "हं… हंऽऽ." हे 'हं' या लोकांना शिकवतं कोण? घरी बायकोला, आयशाला काय सांगू, कुठून सुरुवात करू… घाबरायचं नाही तर काय करायचं?

मग सर वळले. "अदिबा, नळी हलवली होतीस?"

अदिबाने जीभ चावली. रक्त गोठू नये म्हणून नळीत औषध असतं, ते हलवून मिसळायचं, तेच ही बोलण्याच्या नादात विसरली. गोळे म्हणजे नुसत्या गुठळ्या. चिप मात्र तुंबली, तिची महिनाभराची मेहनत गेली, पोरगी रडायला लागली. शेवटी मीच डोळे मिटून दुसरा हात पुढे केला. राखून ठेवलेल्या दुसऱ्या चिपमधून सगळं नीट वाहिलं. कडेला थोड्या पांढऱ्या पेशी, त्या तर असायलाच हव्यात म्हणे.

सुटलो एकदाचा म्हणून उठलो, तर सर म्हणतात, "नियाजभाई, चिप तुंबते कशी हेही आम्हाला बघायचंय, आणि तुमच्या गुठळ्या फार छान होतात. परत याल?"

भाची बघतेय माझ्याकडे… म्हटलं, येतो. आता दर महिन्याला जातो, आणि तिथे कुणी नवीन आलं की ओळख करून देतात, "हे आमचे गुठळीवाले मामू."