पुनवेचं पाणी

न्हाय, न्हाय, उभ्या राहू नका मॅडम, होडी हाय ही, बागेतलं बाकडं न्हाय — बसा, मधोमध बसा, बाटल्यांची पेटी पायाशी घ्या. हां. आणि तेच तेच काय विचारताय? बंदच्या आधी खाडीचं पाणी कसं होतं, बंदच्या आधी कसं होतं — कागदावर हाय ना! बंदच्या आधीचे तीन कागद हायेत तुमच्याकडं, तिन्हींवर लिवलंय, पाणी ठीक. मग कोर्टानं कपडे रंगवायचे गाळे दोन महिने बंद ठेवायला लावले, पाण्यात फरक पडतो का बघा म्हणाले, तुमची कमिटी नेमली. मागच्या आठवड्यात तुम्ही पाणी नेलंत, तेपण ठीक निघालं. आधी ठीक, आता ठीक, म्हंजे फरक न्हाय. फरक न्हाय म्हंजे गाळ्यांचा दोष न्हाय, आणि दोष न्हाय म्हंजे सोमवारी गाळे चालू. मी चौथीत शाळा सोडली, पण एवढं कळतं मला. आज शेवटच्या बाटल्या भरा आणि मोकळ्या व्हा.

ते? ते निवटे. चिखलावर उड्या मारतायत ते. हसताय ना — मीपण हसलो होतो, महिन्यामागं पहिला निवटा दिसला तेव्हा. बारा वर्षांनी बघितला मी ह्या खाडीत निवटा! शकूला, म्हंजे आमच्या घरच्यांना, हाका मारमारून काठावर बोलावलं, तर ती म्हणाली आधी डोळे तपासून घ्या. मग कोळंबी दिसली, मग बोय मासळी आली. परवा पाग टाकला — फेकायचं जाळं असतंय ते — तर एका फेकीत अकरा बोया, मॅडम! शकू टोपली घेऊन नया नगरच्या बाजारात बसली. तिकडच्या बाया आधी लय नाक मुरडायच्या, खाडी की मछली है क्या, घासलेट की बास आती है, अशा. परवा एकीनं वास घेऊन बघितला, चार बोया नेल्या, आणि दुसऱ्या दिवशी बहिणीला घेऊन आली. शकू घरी येऊन रडली. धंदा चांगला झाला म्हणून रडणारी कोळीण बघितलीय कधी? आता तुम्ही म्हणाल, आधीपण पाणी ठीक होतं तर मासे बारा वर्षं कुठं गेले होते? मला नका विचारू. मासे येतात, जातात. ते ट्रॉलरवाले, प्लास्टिक, बिल्डरांचा भराव — कारणं काय कमी हायेत?

निळं? कोण म्हणालं निळं? हां... असेल. कधी निळं, कधी लाल — गाळ्यात ज्या रंगाचा कपडा, त्या रंगाचा नाला, त्यात काय. आमचा निकेतच हाय की तिथं रंगाच्या टाकीवर, चार वर्षं झाली. संध्याकाळी जेवायला बसला की त्याचे हात बघून सांगायचो मी, आज नाला हिरवा असणार. म्हंजे — गंमत करायचो. आता त्याचे हात साफ झाले, पार नखांपर्यंत. शकूनं परवा त्याचा हात हातात घेतला न् म्हणाली, अरे, तुझे हात बाबांसारखे हायेत, मला कळलंच न्हवतं. पण त्या साफ हातांचं करू काय मी? पुढच्या महिन्यात लग्न हाय त्याचं. उत्तनची समिधा, लय गुणाची पोर. तिच्या बापाची स्वतःची बोट हाय, तरी म्हणाला, आम्ही जन्म मच्छीत घालवला, पोरीला परत मच्छीत न्हाय द्यायची, नोकरीवालाच जावई पायजे. मी म्हटलं, परमनंट हाय. आता रोज फोन येतो — कंपनी कधी चालू होतेय? त्याला काय सांगू, अकरा बोया मिळाल्या म्हणून?

हे काय दाखवताय? ते तीन कागद नका उडवू, वारा हाय. वेळ? साडेबारा, बरं. ह्याच्यावर? पाऊण. हा परत साडेबारा. असणारच, पुनवेला-अवसेला साडेबारालाच खाडी भरते, अर्धा तास इकडं न् अर्धा तास...

काय? मी कुठं काय म्हणालो? पुनव म्हणालो? ते — आम्हाला सवय हाय, आम्ही तारीख बघत न्हाय, तिथी बघतो. तिन्ही वेळा भरती होती, हो, असेल, योगायोग. पाणी तपासायला यायचे त्या साहेबांना तेव्हाच वेळ मिळायचा. असं बघू नका माझ्याकडं. होडी कोणाची? माझीच. वेळ कोणी सांगितली? — मीच सांगितली, बस? मीच! गाळ्यांचा मॅनेजर म्हणाला, परशुराम, साहेबांना खाडीतलं कळत न्हाय, तुला कळतं, तू पुनव-अवस बघून बोलव, साडेबाराच्या ठोक्याला बाटल्या भरून दे, तुझ्या पोराचं आम्ही बघतो. मी बाटलीत दुसरं पाणी न्हाय घातलं, आईशप्पथ. खाडीचंच पाणी होतं. फक्त भरतीला समुद्र आत येतो, नाल्याचं तोंड पाण्याखाली जातं, वरचा रंग मागं दाबला जातो — मग बाटलीत येतो तो समुद्र. साहेब खूश, मॅनेजर खूश, पहिल्याच कागदानंतर निकेत कामाला. माझ्या बापानं मला तिथ्या शिकवल्या त्या मासे धरायला, आणि मी त्या कशाला वापरल्या! लाज वाटते. शकूलापण म्हाईत न्हाय हे.

पेन खाली ठेवा. ठेवा म्हणतो ना! लिवू नका. होडी खाडीच्या मधी हाय, वल्हं माझ्या हातात हाय, पोहता येतं का तुम्हाला? — न्हाय, पोरी, घाबरू नको, तसं न्हाय म्हणालो मी. काय बोललो हे! माफ कर मला. तुझ्याएवढी भाची हाय मला, हाटकेशला राहते. थांब, वल्हं खाली ठेवतो.

शिव्या घाल मला. ओरड तरी.

तो बघ, परत उडाला निवटा. सोमवारी गाळे चालू झाले तर मंगळवारपर्यंत टिकायचा न्हाय तो. आणि मी काठावर बसून निकेतच्या हातावरनं रंग ओळखणार.

बरं. पेटी उघडा मॅडम. आज अष्टमी, भांगाचं म्हंजे बिनउधाणाचं पाणी, दुपारी ओहोटी — हे बघा, नाल्याचं तोंड उघडं पडलं. इथं वाका, नाल्याच्याच तोंडाशी. आधी ह्या वेळेला इथं नाक धरून बसलो असतो आपण. भरा. आता लिवा, बारा वाजून दहा मिनिटं, ओहोटी. आणि आधीच्या तिन्ही वेळा भरती होती, मुद्दाम धरलेली, तेपण लिवा. साक्षीदार... त्या तिन्ही कागदांवर खाली माझी सही हाय, बघितलीत ना? परशुराम, इंग्रजीत न्हाय, मराठीत. ह्याच्यावरपण तशीच करतो. द्या पेन.

झालं. आता उतरा, चपला हातात घ्या, गुडघाभर चिखल हाय. धक्क्यावर लाल शर्टात उभा हाय ना, तो निकेत. काय झालं विचारेल तुम्हाला. त्याला काय सांगू नका, सरळ रिक्षात बसा. त्याला मी सांगतो. जा.